तात्या, हवा निघाली

तात्या, सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर तुम्ही जुनी गाणी सोडून काही बघत नाही, त्यामुळे हे पत्र तुमच्या नातीने वाचून दाखवायचं असं आमचं ठरलंय. समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि चहा सांगता. म्हणून लिहिते. उघड लिहिते, कारण वॉटर कूलिंगच्या, म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायच्या, नादाला लागलेली माझ्यासारखी पुष्कळ मंडळी आहेत, आणि प्रत्येकाच्या घराखाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान नसतं.

त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. मी सांगलीत घरी बसून बिल्डर लोकांसाठी इमारतींची थ्रीडी चित्रं करते. रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने पक्कं चित्र काढायचं काम, लागलं की प्रोसेसर १४० वॅटच्या आसपास खातो, कार्ड ३५०. म्हणजे पाचशे वॅटची शेगडी टेबलाखाली रात्रभर पेटलेली. मे महिन्यात ते पंखे असे कोकलायचे की आई दार लावून झोपायची. शेवटी पैसे साठवून पाण्याचा लूप केला, म्हणजे पाणी गोल फिरून उष्णता वाहून नेईल अशी बंद वाट: ती उष्णता हवेत सोडणारे दोन रेडिएटर, एक कॅबिनेटच्या छताला आणि एक समोर, प्रोसेसर आणि कार्डावर बसणारे दोन ब्लॉक, आणि डी५ पंप टाकीसकट. खोक्यावर त्या टाकीला रेझर्व्हॉयर म्हटलंय. तुम्ही पहिल्या मिनिटापासून टाकी म्हणालात, आता मीही टाकीच म्हणते.

आदल्या रात्री मी काय काय केलं ते तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. लाज वाटली. गळती तपासली होती, जोडण्या कोरड्या होत्या, तेवढं बरोबर. मग टाकीत पाणी ओतलं आणि सरळ अख्खा कॉम्प्युटर चालू केला, पंप पाच नंबरला. म्हणजे सगळ्यात जोरात, मिनिटाला ४८०० फेरे. दोन सेकंदांत टाकी खाली, पंप कोरडा, आणि खलबत्त्यात खडे घातल्यासारखा आवाज. मी बटण शोधेपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. डी५ला दांडा नसतो, आतली चकती एका सिरॅमिकच्या गोळीवर फिरते आणि तिला वंगण म्हणजे तेच वाहणारं पाणी. हे मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग!

मग पाणी भरलं, परत चालू. ज्या दुकानातून सामान घेतलं तिथे फोन केला, तर म्हणाले, "फुल स्पीडला ठेवा मॅडम, हवा आपोआप निघून जाईल." तीन तास फुल स्पीडला ठेवला. पाणी ताकासारखं पांढरं झालं. प्रोसेसर नुसता बसून ७८ अंशांवर, रेंडर लावलं की मिनिटाभरात ९० ला टेकायचा आणि स्वतःच वेग पाडायचा. काम परवा द्यायचं होतं.

सकाळी मी तुमच्याकडे आले ती फक्त लांब तोंडाची पक्कड मागायला. तुम्ही पक्कड दिली नाही. "कशाला पायजे?" विचारलंत, आणि मी सांगत असतानाच दुकानातल्या पोराला "जरा बघ रे" म्हणून चप्पल घातलीत. हातात एक मोठा स्क्रू ड्रायव्हर.

त्या स्क्रू ड्रायव्हरने तुम्ही काही उघडलं नाहीत, हे मला आजही सांगावंसं वाटतं. टोक पंपाच्या बुडाला लावलंत, मूठ कानाच्या भोकाशी धरलीत आणि डोळे मिटलेत. चांगलं अर्धं मिनिट. मग म्हणालात, "बेअरिंग गेलं न्हाई. हवा चावतोय त्यो." रात्रभर मी पंप जाळला म्हणून नवीन पंपाच्या किमती बघत होते. तुमच्या त्या एका वाक्यावर मला रडूच यायचं राहिलं होतं.

त्या बेअरिंगचं मी सांगितलं तर तुम्हाला अजिबात नवल वाटलं नाही. "पाणबुडी मोटारीचं तेच की. पाण्यातच न्हातंय बेअरिंग, कोरडं चालवलं की बसलं." पाच एचपीच्या मोटारी भरण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला वीसेक वॅटचा, मुठीएवढा पंप परका वाटला नाही, आणि मी मात्र त्याच्याकडे कॉम्प्युटरचा भाग म्हणूनच बघत होते. तो पंप आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तुम्ही बोट ठेवलंत ते टाकीच्या तळाशी. "ह्यो भोवरा बघ." टाकी अर्धी, पंप पाचवर, आणि पाण्याच्या मधोमध बारीक नरसाळं थेट पंपाच्या तोंडापर्यंत गेलेलं. तुम्ही सांगितलंत, चैत्रात विहिरीचं पाणी खाली गेलं की फुटव्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाच्या झडपेवर, असाच भोवरा धरतो आणि मोटार पाण्याबरोबर हवा ओढायला लागते; शेतकरी म्हणतो मोटार बिघडली, बिघडलेली काही नसते, वर पाणी कमी असतं. आणि वरून परत येणारं पाणी माझ्या टाकीत धारेने पडत होतं. "बादलीत नळाची धार पडती तवा फेस येतोय का न्हाई? मग? एका तोंडानं हवा काढतीयास, दुसऱ्या तोंडानं कालवतीयास." तीन तास मी तेच करत होते, तेही फुल स्पीडला.

"पळवून न्हाई निघत ती. थांबव पंप. तिला वर याला सवड दे."

यानंतरचा दीड तास मी कोणालाही विकत घेऊन देऊ शकले असते तर दिला असता. तुम्ही विचारलंत, पंपाला एकट्याला लाईट देता येत नाही का, बाकीचं कशाला तापवतेस? तेव्हा मला आठवलं की येतं. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडली की सप्लाय जागा होतो. (नव्या सप्लायच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे सोळावी पिन आणि सतरावी, आणि हे मोजताना सप्लायचं बटण बंद.) बोर्डाची, प्रोसेसरची, कार्डाची जोडणी काढून ठेवली, फक्त पंप उरला. वेग दोनवर आणला. टाकी काठोकाठ भरली, परत येणारं तोंड पाण्याखाली बुडेपर्यंत. झाकण उघडं.

चालू. एक, दोन, तीन, चार, पाच. बंद. तुम्ही बोटं मोडत मोजत होतात. बंद केल्यावर नळ्यांमधून बुडबुडे शहाण्यासारखे वर चढायचे, टाकीत येऊन फुटायचे, पाणी बोटभर उतरायचं, मी परत भरायची. पाच-सहा वेळा झालं आणि मग काहीच येईना. मला वाटलं संपलं. तुम्ही छताच्या रेडिएटरवर टिचकी मारलीत, मग समोरच्यावर. दोन वेगळे आवाज आले, मलाही कळले.

"पाइपलाइनीत टेकाडावर एअर व्हॉल्व्ह कशाला बसवत्यात?" तुम्ही विचारलंत. हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते म्हणून. माझ्या लूपमधलं टेकाड म्हणजे छताचा रेडिएटर, त्याची दोन्ही तोंडं खाली, आणि हवा वरच्या कोपऱ्यात निवांत. तिथे व्हॉल्व्ह नव्हता. मग तुम्ही टेकाडच हलवलंत. टाकीचं झाकण घट्ट लावून खालच्या पोराला हाक मारली, दोघांनी कॅबिनेट उचललं आणि मागची बाजू हातभर उंच केली, म्हणजे तोंडांचीच बाजू सगळ्यात वर आली. मी पंप चालू-बंद करत होते. तिसऱ्या खेपेला नळीतून एवढा मोठा बुडबुडा आला की पोरगा "आयला!" म्हणाला आणि कॅबिनेट जवळजवळ सोडलंच त्याने. त्याला माझ्यातर्फे एक वडापाव लागू आहे, सांगा.

तुमचं सगळंच मी ऐकलं असं मात्र नाही हं. तुम्ही पान्याने जोडण्या आवळायला निघालात तेव्हा मी आडवी आले. या जोडण्या आतल्या रबरी रिंगेवर पाणी धरतात, हाताने बसतील तेवढ्याच बसवायच्या. पाना लावला की रिंग चेपते आणि मग गळते. तुम्हाला पटलं नाही, पण पाना खिशात ठेवलात. आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बघून हसलात, एवढ्या पाण्याला पैसे? मग मी आमची बोअरच्या पाण्याची किटली आतून दाखवली. ब्लॉकच्या आत केसाएवढ्या खाचा असतात, असा पांढरा थर तिथे बसला तर काय होईल, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही.

जाताना तुम्ही शिकवलेली खूण मी आता सगळ्यांना सांगते. पंप चालू असताना टाकीवर मार्करने पाण्याची रेघ मारायची, मग बंद करून दुसरी. दोन रेघांत अंतर असेल तर हवा अजून आत आहे: पंपाच्या दाबाने हवा चेपते, तिच्या जागी पाणी शिरतं, पंप थांबला की हवा फुगते आणि पाणी टाकीत परत ढकलते. निव्वळ पाणी असं चेपत नाही. त्या दिवशी दोन रेघांत बोटभर अंतर होतं. रात्रभर दोन नंबरवर, झाकण सैल ठेवून पंप चालू ठेवला, सकाळी जेमतेम दोन रेघांची जाडी उरली होती. पंधरा दिवसांनी एकच रेघ. टाकीतलं पाणी तोवर आणखी थोडं उतरलं होतं, तेवढं वरून घातलं. ते बारीक बुडबुडे पाण्याबरोबर फिरत फिरत टाकीत येऊन फुटतात, त्यांची घाई करायची नसते, हेही तुम्हीच सांगितलं होतंत.

आता आकडे, कारण तुम्ही विचाराल. हवा होती तेव्हा फ्लो मीटर मिनिटाला ०.६ लिटर दाखवत होता, तोही उड्या मारत. आता ३.४. मी कागदावर मांडून पाहिलं: मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ७० वॅटमागे ते एक अंश तापतं. म्हणजे माझी पाचशे वॅटची शेगडी ०.६ लिटरमध्ये पाणी एका फेरीत बारा अंश चढवत होती, आता जेमतेम दोन. वर ब्लॉकच्या खाचांत बुडबुडे अडकलेले, तिथे तर पाणीच पोचत नव्हतं. काल रात्री चार तास रेंडर चाललं, प्रोसेसर ७२ च्या वर गेला नाही, आणि पंप तीन नंबरवर आहे. आई दार उघडं ठेवून झोपली.

काम वेळेत गेलं. त्या बिलातून तुमचे पैसे द्यायला खाली आले तर तुम्ही नातीला म्हणालात, "हिला म्हणावं, दुकान बंद हाय," आणि दुकान तर उघडंच होतं, समोर तिघे मोटारी घेऊन बसलेले. ठीक आहे. पैसे नको तर नको. पण पाच लिटरचा कॅन आणला होता, त्यातलं साडेतीन लिटर उरलंय, काहीही न मिसळलेलं. तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत तुम्ही काय घालता ते मी बघितलंय. उद्या सकाळी कॅन दुकानाच्या पायरीवर ठेवते, आणि या वेळी परत पाठवायचा नाही.

वरच्या मजल्यावरची,
तुमची पक्कड अजून न मिळालेली