रंग सुताच्या आत शिरतो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सब्लिमेशन छपाईचं, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने आणि दाबाने कापडावर उतरवण्याचं काम सुरू करतोयस हे वाचून फार आनंद झाला. मशीन कुठलं घेऊ, असं तू विचारलंयस. मशीनचं नंतर बघू. आधी कशावर छापायचं ते पक्कं कर, कारण चांगलं मशीन असूनही चुकीच्या कापडावर काही साधत नाही.

सुती टी-शर्टचा विचार डोक्यातून काढून टाक. या शाईतले रंग डिस्पर्स जातीचे, म्हणजे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे असतात. 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की ते न वितळता, उघड्या डबीतल्या कापरासारखे थेट वायुरूप होतात. त्याच उष्णतेने पॉलिस्टरचा धागा सैलावतो, रंग आत शिरतो आणि कापड गार झालं की तिथेच अडकून बसतो. म्हणून अशा छपाईवरून हात फिरवला तर बोटांना काहीच लागत नाही. थरच नसतो, मग धुण्यात पापुद्रे सुटणार कुठून? सुती धाग्यात मात्र हा रंग टिकत नाही. हीट प्रेसखालून, म्हणजे तापवून दाबणाऱ्या मशीनखालून काढताना थोडंफार दिसेल, धुतल्यावर बरंचसं जाईल. मिश्र कापडावर फक्त पॉलिस्टरचा भाग रंग धरतो, त्यामुळे चित्र जुनाट, फिकं दिसतं. कुणाला तोच लूक हवा असेल तर जरूर दे, पण आधी सांगून.

चहाचे मग, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) यांचंही तसंच. त्यांच्यावर पॉलिमरचं कोटिंग असावं लागतं. साध्या चिनी मातीच्या मगवर रंग धरत नाही.

आणि पांढरी शाई या पद्धतीत नसते. चित्रातला पांढरा म्हणजे खालच्या वस्तूचा पांढरा. काळ्या कापडावर छापून द्या म्हणणारे येतील, त्यांना स्पष्ट नाही सांग.

1957 च्या सुमारास फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी हे तंत्र शोधलं, असं मानतात. आता आपण चित्र संगणकावरून कागदावर घेतो, तेही उलटं, म्हणजे कापडावर सुलटं उतरतं. कागदावरची छपाई बघून घाबरू नकोस. तिथला काळा राखाडी दिसतो, लाल विटलेला. प्रेस उघडून कागद उचललास की तेच रंग असे खुलतात की बघत राहावंसं वाटतं. मला तरी अजून त्याची सवय झालेली नाही.

मात्र कागद उचलताना हात सरळ ठेव. त्या क्षणी शाईतून वाफ निघतच असते. कागद जरा सरकला की चित्रामागे दुसरी पुसट सावली उमटते. हीट टेपने, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने कागद आधीच चिकटव आणि एका झटक्यात उचल. कागदाच्या सरळ कडेचा दाबही पॉलिस्टरवर रेघ पाडतो. कडा कात्रीने न कापता बोटांनी फाडून घेतल्या की ती रेघ बरीच कमी होते.

प्रेस मारण्याआधी कापडावरून लिंट रोलर, म्हणजे तंतू उचलणारा चिकट रोलर फिरवायचाच. डोळ्यांना न दिसणारा रंगीत तंतू उष्णतेने आपला रंग सोडतो आणि पांढऱ्या कापडावर निळा ठिपका कायमचा बसतो. मग कापड काही सेकंद नुसतं दाबून त्यातली ओल घालव, नाहीतर रंग डागाळतो. वरखाली साधा कोरा कागद ठेव, म्हणजे प्लेटला रंग लागणार नाही. टी-शर्टला साधारण 200 अंश आणि 45 ते 60 सेकंद पुरतात. मगला जास्त वेळ लागतो. वेळ वाढवून रंग गडद होईल अशी आशा करू नकोस. काळा तपकिरी पडतो, कापडही पिवळं पडतं.

जर्सीवर सगळीकडे छपाई हवी असेल तर तयार शिवलेली घेऊ नकोस. काखेतल्या चुण्यांत शाई पोचत नाही, पांढरे पट्टे राहतात. आधी छापावं, मग शिवावं. आणि सतत उन्हात राहणाऱ्या फलकांची हमी देऊ नकोस, ऊन हे रंग उडवतंच.

आता मशीन. पिझो हेडचा प्रिंटर घे. त्यात शाई दाबाने बाहेर पडते. काही प्रिंटरांत ती तापवून उडवतात, ते या शाईला चालत नाहीत. हीट प्रेसवर मात्र हात आखडू नकोस. प्लेट चारही कोपऱ्यांत सारखी तापत नसेल तर एकाच टी-शर्टवर दोन छटा येतात.

पहिला नमुना छापलास की त्यातला अर्धा धुऊन, अर्धा न धुता, दोन्ही तुकडे मला पाठव. वाट बघतो.

तुझा,
मित्र