बाबा, हे वयामुळे नाही

पुणे, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं आईच्या मनात येईल. फोनवर बाबांची दोनच वाक्यं होतात: ‘बरो आसंय’ आणि ‘घे, आवशीकडे दितंय’. इतके दिवस मला वाटायचं, बाबांना फोनचा कंटाळा आहे. दिवाळीत आठ दिवस घरी राहिले तेव्हा लक्षात आलं, की त्यांना फोनवरचं नीट ऐकूच येत नाही, आणि तिसऱ्यांदा ‘काय?’ विचारायचा त्यांना संकोच वाटतो. वाचायची मात्र अडचण नाही. पेपर अजूनही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. म्हणून हे पत्र. आई, आधी बाबांना पडवीत बसून वाचू दे, मग तू वाच.

बाबा, त्या आठ दिवसांत मी जे पाहिलं ते आधी सांगते. साडेआठला जेवून तुम्ही खोलीत जात होता. अकराला मी पाणी प्यायला उठले तेव्हा तुम्ही वाशांकडे बघत पडला होतात. दोनला उठले तेव्हाही तसेच. चारला खळ्यात खुर्ची टाकून बसलेले. तिठ्यावर एकदाही गेला नाहीत. बंडूकाका गेल्यापासून जातच नाहीत, असं आई म्हणाली. अबोलीच्या वाफ्यात गवत गुडघाभर झालंय. तुमच्या नातीने वर्गमुळाचं गणित पुढे धरलं तर ‘उद्या बघू’ म्हणालात. बत्तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘वय झाला आता, असाच चलतला.’ आणि आई, तू मान हलवलीस.

त्या एका वाक्यासाठी मी गेले तीन आठवडे वाचत बसले आहे.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. ‘लासी’ म्हणतात तिला. त्यात साठीपुढच्या लोकांना ठरावीक प्रश्न विचारून नैराश्याची लक्षणं तपासली, तर ती ८.३ टक्के लोकांमध्ये सापडली. पण ‘तुम्हाला नैराश्य असल्याचं निदान झालंय का?’ या प्रश्नाला हो म्हणणारे फक्त ०.८ टक्के. दहापट फरक. मधल्या लोकांना नाव माहीत नसलेलं दुखणं आहे, आणि मला वाटतं त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी ‘वय झालं’ हेच वाक्य चालत असेल.

आता तुमच्याच पद्धतीने मांडते, बाबा. ८.३ टक्के म्हणजे साधारण बारांत एक. उरलेल्या अकरांना हा त्रास नाही. वय तर बाराही जणांचं झालेलं आहे. मग वय हे कारण कसं होईल?

मी डॉक्टर नाही. तुम्हाला नैराश्यच आहे असं मी म्हणत नाही. थायरॉइड, बी-१२, साखर, यांनीही माणूस असा मंदावतो, ते आधी तपासून घेऊ. पण काहीतरी आहे आणि ते सुधारण्यासारखं आहे, हे मी ठामपणे सांगू शकते. त्याचं एक कारण गोव्याच्या हद्दीवरच्या आपल्या पत्रादेवीच्या पलीकडेच सापडलं.

गोव्यात ‘संगाथ’ नावाची संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातले डॉ. अमित डायस, डॉ. पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी साठीपुढच्या १८१ लोकांबरोबर एक अभ्यास केला. तो २०१९ मध्ये छापून आला. ही माणसं साध्या प्राथमिक दवाखान्यांत येणारी होती. पुरतं नैराश्य कुणाला नव्हतं, पण झोप उडालेली, मन लागत नाही, कशात रस नाही, अशी सुरुवातीची लक्षणं होती. ९१ जणांना मदत दिली. मदत देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तिथलीच शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. ती येऊन बसायची, अडचण ऐकायची, आणि त्या अडचणीचे तुकडे करून एकेक तुकडा सोडवायला शिकवायची. झोपेचे नियम सांगायची, मधुमेहासारखी दुखणी कशी सांभाळायची ते सांगायची, सरकारी योजनांचे कागद कुठे द्यायचे तेही. उरलेल्या ९० जणांना नेहमीचेच उपचार. वर्षभराने पाहिलं तेव्हा मदत मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना पुरतं नैराश्य आलं होतं, आणि उरलेल्या ९० पैकी १३ जणांना.

अभ्यास लहान आहे, हे तुम्ही लगेच म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण १३ आणि ४. मी त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत होते. ती मधली नऊ माणसं कुणाचे तरी बाबा, कुणाच्या तरी आया असतील.

इथे मला तुमच्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला मी आले नाही. ऑफिसात सुट्टी नाही, असं सांगितलं होतं. सुट्टी होती. बॅगही भरली होती. मला उठून बसस्टँडपर्यंत जाणं जमेना. आंघोळ करायला दुपार व्हायची. आई, तू आरतीच्या वेळी फोन लावलास तेव्हा मी तोंडावर उशी दाबून रडत होते, आणि तुला म्हणाले की रेंज नाही. त्यानंतर सहा महिने मी एका समुपदेशक बाईंकडे जात होते. तुम्हाला कळवलं नाही, कारण आपल्याकडे अशा ठिकाणी जाणाऱ्याला काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. तुम्ही तसं म्हणाला नसता, हे आज कळतं.

त्या बाईंनी मला पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच संगाथच्या गोव्यातल्या दुसऱ्या एका अभ्यासातही आहे. आपण समजतो की बरं वाटलं की बाहेर पडू, मन लागलं की काम करू. नैराश्यात हा क्रम चालत नाही, कारण ते बरं वाटणं आपोआप येतच नाही. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी छोटंसं काम, मन लागो न लागो. एकदा केलं, दोनदा केलं, की मागून मन येतं. मला त्यांनी रोज तीन कामं लिहून ठेवायला सांगितली. पहिल्या आठवड्यात त्यातलं एक होतं, कुंडीला पाणी घालणं.

आणि बाबा, ती वही उघडल्यावर मला काय आठवलं असेल? अकरावीत मी सहामाहीला गणितात नापास झाले होते आणि वसतिगृहातून घरी यायचं नाही म्हणत होते. तुम्ही एसटीने आलात, दोन दिवस राहिलात. मार्कांचा विषय काढला नाहीत. जवळच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसवलंत आणि म्हणालात, ‘तीन गणितं कर. चौथं मागितलंस तरी देणार नाही.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. तिसऱ्या दिवशी चौथं मी आपण होऊन केलं. समुपदेशक बाईंनी पैसे घेऊन मला जे शिकवलं, ते तुम्ही मला सोळाव्या वर्षीच शिकवून ठेवलेलं होतं.

हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०१८ मधला एक अभ्यास वाचला. त्यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. ज्यांना पत्रं मिळाली त्यांना तितकं अवघडल्यासारखं झालंच नाही. लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा त्यांना कितीतरी जास्त आनंद झाला. तो वाचून मी आणखी दोन दिवस घालवले, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.

आता झोपेचं. हेही गोव्यातल्या त्या मदतीत होतं. नियम ऐकायला विचित्र वाटतील. झोप येत नाही म्हणून लवकर आडवं व्हायचं नाही. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचंच नाही. जाग आली आणि परत डोळा लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच. तुम्ही साडेआठपासून पहाटेपर्यंत साडेसात-आठ तास पडून असता, आणि त्यात झोप असते जेमतेम चार तास. उरलेला वेळ अंथरूण तुम्हाला जागं राहायचीच सवय लावतं. म्हणून पडून राहायचे तास आधी कमी करायचे, मग झोप त्यात भरून येते.

आणि कानाचं यंत्र. ते कपाटाच्या दुसऱ्या खणात, बटव्यात आहे. मी बघितलं. त्यातली बॅटरी संपलेली आहे.

बाबा, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं चाललेली एक चाचणी आहे, २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. अर्ध्या लोकांना श्रवणयंत्रं दिली आणि ती वापरायला शिकवलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर स्मरणशक्तीत, विचार करण्यात फरक दिसला नाही. हेही सांगायला हवं. पण ज्यांना विसराळूपणाचा धोका आधीपासून जास्त होता, त्यांच्यात यंत्र वापरणाऱ्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. याच लोकांच्या ओळखीपाळखीकडे नंतर बघितलं गेलं. वय वाढतं तशी भोवतीची माणसं कमी होत जातात, ती सगळ्यांचीच झाली. फक्त यंत्र मिळालेल्यांच्या भोवती तीन वर्षांनी सरासरी एक माणूस जास्त उरला होता.

एक माणूस म्हणजे काय, हे बंडूकाका गेल्यापासून आपल्या घराला कळलेलं आहे. तिठ्यावरच्या बाकड्यावर ते तुमच्या उजव्या बाजूला बसायचे, तुमचा उजवा कान बरा म्हणून. ते गेल्यावर बाकीच्यांच्या गप्पा तुम्हाला नीट ऐकू येईनात, आणि तुम्ही जायचं सोडलंत. मी दिवाळीतल्या त्या रात्री हे एकमेकांना जोडून बघत बसले होते. तुम्हाला माणसं नकोशी झाली नाहीत बाबा. त्यांचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचत नाही.

आई, तुझ्याबद्दलही लिहिते. तू म्हणालीस, ‘माका काय्येक झाला नाय, मी बरी आसंय.’ पण बाबा गप्प झाल्यापासून तूही देवळात भजनाला जायची थांबली आहेस, त्यांना एकटं टाकायचं कसं म्हणून. झिंबाब्वेमध्ये हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये चौदा आज्यांना शिकवून एक काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर एक आजी, आणि समोर जिचं मन भरून आलंय अशी बाई. तिथे या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘अति विचार करणं’. आपल्याकडेही ‘लय इचार करता’ असंच म्हणतात ना? २०१६ मध्ये त्याचा रीतसर अभ्यास छापला गेला. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना नैराश्याची लक्षणं होती, आणि बाकावर येणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना. वाडीतल्या सुना आपल्या पडवीत येऊन तुझ्याकडे काय काय सांगून जातात, ते मी लहानपणापासून बघत आले. पण तुझं ऐकायला कुणी नाही. तू भजनाला परत जायला लाग. ते दोन तास बाबा एकटे राहू शकतात.

आणि मध्येच कधी फार जड वाटलं, दोघांपैकी कुणालाही, तर १४४१६ हा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेव. ‘टेली-मानस’ म्हणतात, मनाच्या त्रासासाठीचा मदतीचा नंबर. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मलाही केव्हाही फोन करा, रेंज असेल.

बाबा, पत्राबरोबर बॅटऱ्यांचं पाकीट पाठवते आहे, तपकिरी पट्टीवाल्या, तुमच्या यंत्राला त्याच लागतात. पट्टी काढली की हवा लागून बॅटरी सुरू होते, म्हणून वापरायच्या वेळीच काढा, आणि काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग आत घाला. पहिले दिवस भांड्यांचा, पंख्याचा आवाज फार मोठा वाटेल. रोज तासभरच लावा. त्रास झाला तर यंत्र पुन्हा जुळवून घ्यायला आपण दोघं जाऊ.

या पंधरवड्यासाठी तीन गणितं देते. सकाळी पाचला उठायचं, आधी नाही. यंत्र तासभर लावायचं. अबोलीच्या वाफ्यातलं गवत रोज एक हात काढायचं. चौथं मागितलंत तरी देणार नाही.

मी २८ तारखेला रात्रीच्या बसने निघते. शनिवारी सकाळी सातच्या सुमारास तिठ्यावर उतरेन. या वेळी बॅगेत काही जड नाही, पण मला घ्यायला तुम्ही या. पूर्वी यायचात तसे. बाकड्यावर बसून चहा घेऊ, मी तुमच्या उजव्या बाजूला बसेन.

तुमची,
बाय