दाब उतरला म्हणजे गळतीच असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान सदरात दाबाखालील हवेच्या, व्हॉल्व्हने जोडलेल्या टाक्यांविषयी आलेला मजकूर उपयुक्त होता; मात्र व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन्ही दाबांची सरासरी राहते, हे त्यातील विधान दोन्ही टाक्यांचे घनफळ सारखे असेल तरच खरे ठरते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत अशी जोडी क्वचितच आढळते. गेजवर (दाबमापकावर) ७ बार (दाबाचे एकक) दाखवणाऱ्या ५०० लिटरच्या रिसीव्हरला, म्हणजे दाबाखालील हवा साठवणाऱ्या टाकीला, २०० लिटरची रिकामी टाकी जोडली, तर ३,५०० भागिले ७०० म्हणजे ५ बार दाब राहतो, साडेतीन नव्हे.

प्रवाहाचा हिशेब मात्र गेजच्या आकड्यावर करता येत नाही. त्यात वातावरणाचा दाब मिळवावा लागतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशकात तो पुस्तकातल्या १.०१ बारऐवजी ०.९४ च्या आसपास असतो, हे वर्गात सहसा कोणी सांगत नाही. पुढच्या, म्हणजे भरणाऱ्या टाकीतील निरपेक्ष दाब (गेजचा आकडा अधिक वातावरणाचा दाब) मागच्या टाकीतील निरपेक्ष दाबाच्या साधारण ५३ टक्क्यांहून कमी असेपर्यंत व्हॉल्व्हच्या अरुंद भागात हवा ध्वनीच्या वेगाने वाहते आणि पुढचा दाब वाढला तरी प्रवाह बदलत नाही. प्रवाह दाबांतील फरकाच्या प्रमाणात असतो, हे सदरातील सूत्र तेथे लागू पडत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तापमानाचा, आणि तोच सदरात राहून गेला. भौतिकशास्त्रज्ञ जूल यांनी १८४५ मध्ये तांब्याची दोन भांडी जोडून दाखवले होते, की हवा सोडणारे भांडे थंड होते आणि भरणारे तापते. व्हॉल्व्ह लगेच बंद केला, त्या वेळी लहान टाकीतील हवा ५० अंशांवर असली आणि नंतर ती ३० अंशांवर आली, तर एक थेंबही न गळता काटा ५ वरून सुमारे ४.६ वर येतो. मग गळती समजून साबणाचा फेस लावून सांधे तपासले जातात, फेसाला बुडबुडा येत नाही, तरीही पाना घेऊन चांगले बसलेले नट आणखी आवळले जातात आणि त्यातच एखादा आटा खरोखर जातो.

घरगुती सिलिंडरमध्ये द्रवरूप गॅस असल्याने त्याला हा हिशेब लावू नये. सदरलेखकांनी पुढील भागात सरासरीच्या विधानाची दुरुस्ती करावी आणि दाबचाचणीची पहिली नोंद टाकी निवल्यावरच घ्यावी, असे आवर्जून लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता,
सातपूर, नाशिक