तळ त्यांचा, किल्ली यजमानाकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या परदेशातल्या लष्करी तळांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. जितके तळ तितकी ताकद, असा त्याचा सूर. लेखकमहाशयांनी तळ मोजले, विमाने मोजली, धावपट्ट्यांची लांबीही मोजली. ज्याच्या जमिनीवर धावपट्टी आहे तो ऐनवेळी काय म्हणेल, एवढेच मोजायचे राहिले.

मार्च २००३ त्यांना आठवत नसावा. तुर्कस्तानात इन्सिर्लिकचा तळ १९५०च्या दशकापासून उभा, तुर्कस्तान आणि अमेरिका दोघेही नाटोत. अमेरिकेला सुमारे ६२ हजार सैनिक तिथे उतरवून उत्तरेकडून इराकमध्ये शिरायचे होते. रणगाडे भरलेली जहाजे भूमध्य समुद्रात ताटकळत होती. १ मार्चला अंकाराच्या संसदेत मतदान झाले : बाजूने २६४, विरोधात २५०. म्हणजे ठराव मंजूर? छे! १९ जण तटस्थ राहिले, हजर सदस्यांचे स्पष्ट बहुमत लागत होते आणि ते ३ मतांनी हुकले. जहाजे सुएझमार्गे वळसा घालून कुवेतला गेली. त्या रणगाड्यांची चौथी पायदळ डिव्हिजन इराकमध्ये पोचेपर्यंत बगदाद पडलेही होते. लेखातल्या नकाशावर इन्सिर्लिकचा ठिपका मात्र चांगला ठसठशीत आहे.

१९८६ मध्ये लिबियावर हल्ला करायला इंग्लंडहून निघालेल्या अमेरिकी विमानांना फ्रान्स आणि स्पेनने आपल्या हद्दीवरून जाऊ दिले नाही. दोघेही मित्रच! विमाने जिब्राल्टरला वळसा घालून गेली. नायजरमध्ये आगाडेझचा तळ सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून बांधला, २०२४ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने अमेरिकेला गाशा गुंडाळायला लावला.

लेखाच्या शेवटी तर कहर आहे. २०१६ चा भारत-अमेरिका करार म्हणे ‘तळ दिल्यासारखाच’. अहो, त्यात तळ कुठे आहे? एकमेकांना इंधन, रसद, दुरुस्तीची सोय द्यायची आणि हिशेब भागवायचा, तोही दर वेळी परवानगी घेऊन. उलट १९९१ च्या आखाती युद्धात असा कुठलाच करार नसताना चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना आपल्याकडे इंधन भरू दिले होते. विरोध झाला आणि फेब्रुवारीत ते थांबले. त्या सवलतीविरुद्ध मी आपल्याच दैनिकाला पत्र धाडले होते. (आज माझे मत तितके कडक नाही, तो भाग वेगळा.) पत्र छापले नाहीत. आठवडाभराने त्यातलाच मुद्दा अग्रलेखात वाचायला मिळाला. योगायोग असेल.

‘सर्वांत भरवशाचा तळ’ म्हणून दिएगो गार्सियाचे (हिंदी महासागरातल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या चागोस बेटांपैकी एक) कौतुक केले आहे, ते मान्य. यजमान नाही म्हणण्याची भीतीच नाही, कारण १९६८ ते १९७३ या काळात चागोसच्या रहिवाशांना तिथून हाकलून दिले. हे वाक्य जागेअभावी गळले असावे. आणि आता त्या भरवशाच्या तळासाठीही ब्रिटनला मे २०२५ मध्ये त्या बेटांवर हक्क सांगणाऱ्या मॉरिशसबरोबर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या करारावर सही करावी लागली आहे.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : दिएगो गार्सिया बेट आपल्या नकाशात मालदीवच्या उत्तरेला दाखवले आहे. ते दक्षिणेला आहे. निदान जहाजांनी तरी आपला अंक समोर ठेवून प्रवास करू नये.