सर्व्हर बदलल्यापासून ठिबकाची मोटर ४० च्या जागी २ मिनिटं चालते, तक्रार

सपोर्टवाल्यांना नमस्कार,

वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, विहिरीवर तुमचा सिमवाला ठिबक कंट्रोलर बसवला आहे. तुम्ही सर्व्हर बदलला तवापासून मोटर दोन मिनिटं चालते आन् बंद पडते, ॲपमध्ये मात्र ४० मिनिटं दिसतात. आंबिया बहाराची फळं आत्ता कुठं बोराएवढी झाली, त्यात हे ऊन, झाडाखाली नुसता सडा पडून राह्यला.

तुमचा माणूस फोनवर म्हणते रेंज नसन, सिम बदला. बदललं, काहीच फरक नाही. मग मी कंट्रोलर लॅपटॉपले जोडून सर्व्हरचं उत्तर जसंच्या तसं पाह्यलं. किती मिनिटं चालवू ते कंट्रोलर सर्व्हरले एचटीटीपी १.० मध्ये विचारते, म्हणजे इंटरनेटवर विचारायच्या अन् उत्तर द्यायच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीत. पहिले उत्तराच्या वरच्या माहितीत, म्हणजे हेडरात, कंटेंट-लेंग्थ (मजकूर किती बाइटचा ते) यायचं आन् खाली ४०, बस. आता हेडरात ट्रान्सफर-एन्कोडिंग चंक्ड येते, म्हणजे उत्तर तुकड्या-तुकड्यानं (चंकनं) येते, आन् खाली आधी २, मग ४०, मग संपल्याचा ०. तो २ म्हणजे पुढच्या तुकड्यात दोन बाइट आहेत एवढंच, पण १.० वाल्या डब्याले चंक समजतच नाही, तो पहिला आकडा उचलते आन् तेवढीच मिनिटं मोटर चालवते. १२० टाकून पाह्यलं तर बरोबर तीन मिनिटं चालली, कारण १२० चे बाइट तीन, आता सांगा यात रेंज कुठं आली?

सर्व्हर उत्तरात आवृत्ती १.१ लिहिते, त्याले माझी हरकत नाही, ते नियमात बसते. पण विचारणारा १.० चा असन तर चंक्ड पाठवायचंच नाही असं एचटीटीपी १.१ च्या नियमांच्या दस्तऐवजात, आरएफसी ९११२ मध्ये, जून २०२२ चं आहे ते, साफ लिहिलं आहे आन् त्याच्या आधीच्यातही होतंच. कंटेंट-लेंग्थ द्या, नाहीतर उत्तर संपल्यावर कनेक्शन बंद करा, दोन्ही चालते.

अजून एक, तुमचं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतला प्रोग्राम, हेडरचं नाव कॅपिटल अक्षरातच शोधते, लहान अक्षरात पाठवलं की त्याले दिसतच नाही, हे मी लॅपटॉपवरून पाठवून पाह्यलं. हेडरच्या नावात लहान-मोठं अक्षर सारखंच धरायचं असते, एचटीटीपी २ मध्ये तर सगळी नावं लहानच असतात, समोर नवीन प्रॉक्सी (मधला सर्व्हर) लावसान तर हाच घोळ पुन्हा होईन.

नवीन मॉडेल घ्या असं मले सांगू नका, डबा चांगला आहे, बिघाड तुमच्या सर्व्हरवर आहे. चंक्ड आजच बंद करा, फर्मवेअरचा अपडेट कधी देता ते लेखी कळवा, आन् फळगळ पाहाले तुमचा माणूस बागेत पाठवा, भरपाईचं तिथंच बोलू. लॉग सोबत जोडला आहे.

तुमचा ग्राहक