उंची मोजता, घरे कोण मोजणार?

गणपतीला गावी गेलो की पाझर तलावावर चक्कर होतेच. यंदा बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होते, तेही गढूळ. म्हणजे आतली माती वाहून जाते आहे. सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेत, करवंदीची जाळी माजलेली. विचारले तर उत्तर मिळाले, ‘लहान आहे हो, यादीत बसत नाही.’ २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरवरची धरणे येतात, १० ते १५ मीटरची काही अटींवर, त्याखालची नाहीत. आमची वाडी मात्र बांधाला लागूनच आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून घरे वाहून गेली (आणि दोष बांध पोखरल्याचा, तोही खेकड्यांवर!). वर्गवारी करताना बांधाखालची घरेही मोजा.

– एक चाकरमानी, लालबाग, मुंबई