जहाजातल्या खनिजाचे वजन

महोदय,

खनिज निर्यातीच्या बातम्यांत येणारे टनांचे आकडे बहुधा काट्यावरचे नसतात, ड्राफ्ट सर्व्हेचे, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडाले ते पाहून काढलेले असतात. माल भरण्याआधी आणि भरल्यावर जहाजाच्या दोन्ही अंगांना पुढे, मध्ये, मागे असे सहा ठिकाणचे, जहाजावर रंगवलेले आकडे वाचतात. प्रत्येक आकडा 10 सेंटिमीटर उंच. पाणी त्याच्या तळाला टेकले की तेवढा ड्राफ्ट, म्हणजे जहाजाची पाण्याखालची खोली. त्यावरून तक्त्यांतून जहाजाचे एकूण वजन काढायचे आणि इंधन, गोडे पाणी, बॅलास्ट (तोलासाठी टाक्यांत भरलेले पाणी) वजा करायचे. दोन्ही वेळच्या उत्तरांतला फरक म्हणजे माल.

खरी गोची पाण्याच्या घनतेत. तक्ते समुद्राच्या पाण्याच्या 1.025 घनतेचे असतात. मुरगावात पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी मिसळले की घनता उतरते आणि वरवर बुडवलेली बादली फसवते; नमुने वेगवेगळ्या खोलीचे हवेत. भरलेल्या, एकूण 80,000 टनांच्या जहाजाला 1.020 ऐवजी 1.025 धरले, तर सुमारे 390 टन फुकटचे वाढतात! बॅलास्टच्या टाक्या ‘रिकाम्या आहेत’ हे तोंडी मानू नये, टेप सोडूनच पाहावे. सगळे नीट केले तरी अर्ध्या टक्क्याची तफावत धरतातच. मग बातमीत किलोपर्यंतचे आकडे कशाला?

– एक मरीन सर्व्हेअर, वास्को